कयाधूच्या पुरामागे, एका कढईच्या शोधात

मी नोकरी कसली करते हे सांगायची वेळ आली की आमच्या घरात सगळे घसा खाकरतात. आई म्हणते, "अनघा समुद्राच्या संशोधनात आहे." मावशी विचारते, "म्हणजे मासे का गं?" मासे नाहीत हो, कचरा. आंध्रात गोदावरी जिथे समुद्राला मिळते त्या किनाऱ्यावर पुरानंतर जे जे वाहून येतं ते उचलायचं, निवडायचं आणि कुठून आलं असेल त्याचा माग काढायचा. जलपर्णी, चपला, कापसाच्या पऱ्हाट्या, औषधांच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या. वास येतो, पाठ मोडते, पगार बेताचा. तरी मला हे काम मनापासून आवडतं, काय करू?

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच जलपर्णीच्या मुळांत गुरफटलेली एक प्लास्टिकची पिशवी हाती लागली. तिथे सापडणाऱ्या पिशव्यांवर तेलुगू असतं. हिच्यावर देवनागरीत कुठल्याशा कापड दुकानाची जाहिरात आणि खाली "मेन रोड, हिंगोली". ओल्या वाळूत फतकल मारून मी नुसती हसत बसले. कयाधूतून पैनगंगा, पैनगंगेतून वर्धा, वर्धेतून प्राणहिता, मग गोदावरी आणि मग माझा किनारा. नकाशावर नुसतं बोट फिरवलं तरी दम लागतो, आणि ही बया एवढी वाट चालून आली होती.

हिंगोलीत माझ्या ओळखीचं एकच माणूस. वनिता. औरंगाबादला मी कॉलेजात होते आणि ती नर्सिंगला, तेव्हा आम्ही एका खोलीत राहायचो. आता ती नरसी नामदेवजवळच्या उपकेंद्रात सिस्टर होती आणि नरसीतच भाड्याच्या घरात राहत होती. फोन करून पिशवीचं सांगितलं तर म्हणाली, "तुझं आपलं काहीतरीच." पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. पोळ्याच्या रात्री कयाधूला मोठा पूर आला होता आणि पाणी उतरायला लागलं होतं. तुला बघायचं तर आत्ता ये, मागून आलीस तर लोक सगळं उचलून मोकळे झालेले असतील, असं तिनं बजावलं. रजेचा अर्ज देताना साहेबांनी कपाळाला हात लावला. सुट्टीतसुद्धा कचराच बघायला जाणारी कर्मचारी त्यांना पहिल्यांदाच भेटत असावी.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी वाट सांगते. मी काकीनाड्याहून सिकंदराबाद आणि तिथून रात्रीच्या गाडीनं पूर्णा असा प्रवास केला. पूर्ण्याहून हिंगोलीला तेव्हा अजून छोट्या रुळांची गाडी होती. ती इतकी निवांत जायची की खिडकीतून शेतातल्या माणसाशी बोलणं सुरू केलं तर पूर्ण व्हायचं. शेजारी बसलेल्या बाईंनी वसमत यायच्या आत माझं नाव, गाव, लग्न आणि पगार विचारून घेतला. मग फडक्यातली पोळ्याची उरलेली पुरणपोळी माझ्या हातावर ठेवत त्या म्हणाल्या, "समुद्रातला कचरा येचायला एवढं शिकावं लागतं व्हय?" मी लागतं म्हटलं. त्यांना माझी कणव आली असावी, कारण त्यांनी आणखी अर्धी पोळी दिली.

हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती, पण स्टँडबाहेरचे भजे मात्र जुने आणि मुरलेले. भज्यांबरोबर तळलेली मिरची आणि कडक चहा, एवढ्यावर दुपार निघते. नरसीला जायला काळी-पिवळी जीप. भाडं नगण्य, पण जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली म्हणजे काय हे फक्त ड्रायव्हर ठरवतो. मला वाटलं भरली, त्यानंतर आणखी पाच जण आत आले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन आडवं पडलेलं, कापसात पाणी उभं, आणि आत बसलेले लोक मात्र पुराविषयी असे बोलत होते, जसा एखादा तापट पाहुणा येऊन गेलाय. कुणाचं काय गेलं, कुणाचं काय वाचलं, सगळ्याचा हिशेब तोंडपाठ.

वनिता जीपपाशी उभी होतीच. मिठी मारली आणि लगेच म्हणाली, "वाळलीस." घरी पिशवी टाकून आम्ही नामदेवांच्या मंदिराला हात जोडले आणि तशाच नदीवर गेलो. संत नामदेवांचं हे जन्मगाव. मंदिराभोवतीचा परिसर शांत आहे, नदी हाकेवर आहे, मुद्दाम वाट वाकडी करून जाण्यासारखी जागा.

आणि काठावर माझं दुकान मांडलेलं होतं. बाभळींच्या फांद्यांवर, माझ्या डोक्याच्याही वर, पुराची रेघ स्पष्ट दिसत होती. गवत, चिंध्या, पिशव्या. मी जवळ जाऊन बघायला लागले तर त्या रेघेत पळसाच्या डहाळ्या, बैलांच्या शिंगांना लावतात ती चमचमती बेगड, लाल-पिवळे गोंडे. म्हणजे ही रेघ पोळ्याच्याच पुराची, दुसऱ्या कुठल्या नाही. आमच्या किनाऱ्यावर एखादी वस्तू कुठल्या पुरात आली हे ठरवता ठरवता डोकं उठतं, आणि इथे पुरानं सणाची खूण सोबत आणली होती. मी इतकी खूश झाले की वनितानं आजूबाजूला कुणी बघत नाही ना ते पाहून घेतलं.

मला थक्क केलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. गावाच्या मारुतीच्या पारावर एक लाकडी दार, दोन पितळी घागरी, पाळणा, लोखंडी पेटी, नांगराचा फाळ असं सामान ओळीनं मांडून ठेवलेलं होतं. पुरातून काढलेलं. वनिता म्हणाली, नदीकाठच्या गावांत असंच करतात. कामाचं जे काही पाण्यातून निघेल ते पारावर ठेवायचं. वरच्या गावचा माणूस शोधत येतो, ओळख पटवतो, घेऊन जातो. घट बसेपर्यंत कुणी हात लावत नाही. आमच्याकडे जो आधी उचलेल त्याचं. मी पाळण्याकडे बघत उभी राहिले आणि मला या लोकांचं फार कौतुक वाटलं.

तेवढ्यात पारापाशी एक उंच, काटक, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आले. कपडे निथळत होते, खांद्यावर ट्रकची फुगवलेली ट्यूब. त्यांनी सगळं सामान एकदा नजरेखालून घातलं आणि तिथेच खाली बसले. वनितानं ओळख करून दिली. हे शेषराव. नदीच्या पलीकडे वीस-पंचवीस घरांची वस्ती आहे, तिथले शेतकरी. यांची कढई गेली.

कढई म्हणजे भजी तळायची नव्हे. उसाचा रस आटवून गूळ करतात ती, माणूस आडवा झोपेल एवढी लोखंडी कढई. गुऱ्हाळ दिवाळीनंतर. पावसाळ्यात तीच त्या वस्तीची नाव. पलीकडे शाळा नाही, दवाखाना नाही, मागच्या अंगाला नाला, तोही पावसात भरून वाहतो. म्हणून कढईत लेकरं, म्हाताऱ्या, दुधाचे कॅन, आमच्या वनिता सिस्टर, सगळे बसायचे आणि चार पोहणारे गडी कड्यांना धरून कढई पलीकडे न्यायचे. आसपास दुसरं कुणी ऊस लावत नव्हतं, त्यामुळे दुसरी कढईही नव्हती.

गेली कशी, तर पोळ्यामुळे. कढई चिंचेला बांधलेली असायची, नव्या जाड दोरानं. घरातला सगळ्यात चांगला दोर तोच. सणाच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी झाली, म्हणजे खांद्यांना तूप-हळद चोळून झालं, आणि उद्या गावापुढून बैल मिरवायचे तर गळ्यात जुनं दावं कसं घालायचं, म्हणून शेषरावांनी कढईचा दोर सोडून बैलाला घातला आणि कढईला जुना, कुजका दोर लावला. एका सणापुरता तर प्रश्न. पोळ्याच्या रात्रीच नदी आली. वनिता त्यांना माझ्यादेखत फाडफाड बोलली. ते खाली बघून म्हणाले, "बैलाचा मान पहिला असतो, सिस्टर. म्या काय करू."

वनिताचा राग कढईपुरता नव्हता. शेषरावांची लेक मंगल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि नववा महिना भरत आला होता. पायांवर सूज, रक्तदाब चढलेला. हिला आधीच अलीकडे आणा, हिला हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यातच न्यायला लागणार, असं वनिता पोळ्याच्या आधीपासून सांगत होती. घरचे म्हणाले, सण झाला की आणतो. आता सण झाला होता, कढई नव्हती, आणि तशा बाईला ट्यूबवर घालून त्या ओढीत सोडायची कुणाची छाती होईना. दोन दिवस उघाड होती, पण पश्चिमेला पुन्हा ढग जमत होते. शेषराव दोन गावं खालपर्यंत पारापारावर बघून आले होते. कढई कुठंच नव्हती. बुडली असेल, असं ते स्वतःशीच म्हणाले.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हटलं, मामा, वाहून गेलेली वस्तू शोधणं हाच माझा धंदा आहे. वनितानं माझ्याकडे असं पाहिलं की आता तोंड उघडलंच आहेस तर निभावून ने. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं.

रात्री ज्वारीची भाकरी, झणझणीत पिठलं आणि ठेचा खाताना मला झोप येईल असं वाटलं होतं. नाही आली. उगाच बोलून बसले की काय, याचीच भीती वाटत राहिली.

सकाळी सुशीला, म्हणजे तिकडचा भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा नाश्ता, खाऊन आम्ही निघालो. वनितानं ठरवलेली जीप गफूरभाईंची. बोलणं दखनी, जीप त्यांच्याहून म्हातारी आणि स्वभाव दोघांचाही कुरकुरा पण खात्रीचा. नदीच्या कडेनं सलग रस्ता नाही. प्रत्येक गावात आत शिरायचं, पार बघायचा, काठावर उतरायचं, पुन्हा बाहेर यायचं. चिखल इतका की दोनदा आम्ही तिघांनी ढकललं. गफूरभाई खिडकीतून म्हणत होते, "आहिस्ता मॅडम, गाडी को तकलीफ होती."

दुपारपर्यंत माझी पुरती फजिती झाली. मी जिथे जिथे नेलं तिथे, वळणांच्या आतल्या अंगाला, लाकडं होती, जलपर्णी होती, पऱ्हाट्यांचे ढीग होते. कढई नाही. शेषराव दर वेळी पश्चिमेकडे बघत होते. मला रडूच यायला लागलं. एका गावाच्या पुलाखाली मी धोंड्यावर बसले आणि समोर बघत राहिले. तिथे पलीकडच्या, पूर्वेच्या काठाला थर्माकोलचे तुकडे, रिकामे डबे आणि वाळलेला भोपळा अडकलेला होता. अलीकडे एकही नाही.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. हे तर आम्ही समुद्रावर रोज बघतो. लाकूड अर्धं पाण्यात असतं, ते प्रवाहाबरोबर जातं. पण जे वरवर तरंगतं त्याला वारा ढकलतो. रिकामी कढई वरच तरंगणार. मी शेषरावांना विचारलं, पोळ्याच्या रात्री वारा कुठला होता? "रिसोडकडला," ते म्हणाले. म्हणजे पश्चिमेचा. मग जिथे जिथे नदी दक्षिणेला वळते तिथे तिथे पूर्वेचा काठ बघायचा आणि लाकडांकडे ढुंकूनही पाहायचं नाही. शेषराव उठून उभे राहिले. म्हणाले, व्हय, गेल्या साली दुधाचा रिकामा कॅन सुटला होता, तोही पल्याडल्याच अंगाला लागला होता. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जान आली.

पूल ओलांडून आम्ही थर्माकोलच्या मागे लागलो. हसू नका, खरंच. थर्माकोल दिसला की पुढे, नाही दिसला की मागे. कळमनुरी तालुक्यात शिरल्यावर एका गुराख्यानं सांगितलं की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना काहीतरी काळं, गोल, गिरक्या घेत जाताना त्यानं पाहिलं होतं. म्हैस वाहून चालली असं समजून त्यानं हात जोडले होते. वनिता आणि मी एकमेकींकडे बघून हसलो. शेषराव नाही हसले. ते जीपमध्ये जाऊन बसलेही होते.

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण तुम्ही जाऊन यमुनाबाईंना उगाच त्रास द्याल. पारावर सामान होतं, कढई नव्हती. विचारलं तर लोकांनी नदीकडे बोट दाखवलं. आणि नदीत कढई होती. तिच्यात दप्तरं पोटाशी धरून सात-आठ लेकरं बसलेली, भोवती चौघे जण पोहत, आणि काठावर पदर खोचून, कमरेवर हात ठेवून एक साठीची बाई जोरजोरात सूचना देत होती. त्या यमुनाबाई. त्यांच्या गावाचा नळकांडी पूल पुरात गेला होता आणि पलीकडल्या वस्तीतली लेकरं घरात अडकली होती. शेवग्याच्या झाडात येऊन अडकलेली कढई त्यांनीच गड्यांना सांगून काढवली आणि, मालक येईस्तोवर पारावर नुसती पडून काहून राहावी, म्हणून कामाला लावली.

शेषराव पाण्यात उतरले. कढई काठाला लागल्यावर त्यांनी तिच्या कडेखाली हात घातला, एका जागी थांबवला आणि यमुनाबाईंना म्हणाले, हितं डाग आहे, लोहारानं मारलेला, दोन खिळ्यांचा. यमुनाबाईंनी वाकून हात लावून पाहिला. दोन खिळे होते. त्यांनी लेकरांना खाली उतरायला सांगितलं.

"तुमची हाये, तुमी न्या," त्या म्हणाल्या. "आमी न्हाई कशी म्हणणार?"

दप्तरवाली लेकरं गुमान उतरून ओळीत उभी राहिली होती. शेषराव त्यांच्याकडे बघत होते. कढई न्यायलाच तर आम्ही आलो होतो, आणि वर ढग उतरत होते. शेवटी वनितानं मंगलचं सगळं सांगितलं. ते ऐकल्यावर यमुनाबाई शेषरावांवर खेकसल्या की मग उभे काय राहिलात. शेषराव म्हणाले, पोरगी एकदा अलीकडं आली की कढई परत आणून देतो, दिवाळीपर्यंत तुमच्यापाशी राहू द्या. यमुनाबाईंनी हातानंच ते उडवून लावलं. आणा न्हाईतर नका आणू, आधी लेकराचं बघा, म्हणाल्या.

कढई उपडी करून आठ गड्यांनी जीपच्या टपावर चढवली. गफूरभाईंनी डोळे मिटून घेतले होते. बांधायला दोर पुरेना. तेव्हा त्या गावातल्या चार घरांतून माणसं पळत गेली आणि पोळ्याला बैलांना घातलेले नवे कोरे दोर सोडून घेऊन आली. ज्या मानापायी कढई गेली, त्या मानाचे दोर यांनी मागायच्या आत काढून दिले. शेषरावांनी एक एक गाठ स्वतः मारली. प्रत्येक गाठ दोनदा ओढून पाहिली.

परतीला पाऊस लागला. टपावर लोखंड वाजत होतं, एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि मी म्हातारी म्हणून जिची चेष्टा केली होती ती जीप कुठेही रुतली नाही. दिवेलागणीला नदीवर पोचलो तर पाणी सकाळपेक्षा हातभर वर. पलीकडच्या काठावर कंदील हलत होते. वस्तीतले पोहणारे चौघे ट्यूबवरून अलीकडे आले, कढई पाण्यात सोडली आणि वनिता आत चढली. तिला पोहता येत नाही, हे मला माहीत होतं. खोलीवर असताना हौदात पाय सोडायलाही घाबरायची. मी हात धरला तर तिनं सोडवून घेतला. "मंगल एकटी बसनार न्हाई त्यात," एवढंच म्हणाली.

गफूरभाईंनी जीप वळवून दिवे पाण्यावर टाकले. कढई गेली ती प्रवाहानं खाली खाली सरकत गेली, दिव्यांच्या पट्ट्यातून बाहेर पडली आणि दिसेनाशी झाली. किती वेळ ते सांगता येणार नाही. मी आयुष्यात कधी नवस बोलले नव्हते, त्या काठावर बोलले. मग काठाकाठानं पुढे गेलेल्या शेषरावांची खालच्या अंगाकडून हाळी आली आणि अंधारातून चार डोकी आणि मध्ये कढईचा काठ दिसला. मंगल वनिताच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी होती आणि वनिता तिला काहीतरी सांगत होती. जवळ आल्यावर ऐकू आलं. ती तिला औरंगाबादच्या आमच्या घरमालकिणीचे किस्से सांगत होती.

रातोरात हिंगोली गाठली. सकाळी मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी ठीक. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर केला असता तर कठीण होतं. गफूरभाईंनी दवाखान्यातल्या सगळ्यांना पेढे वाटले, आणि ते आजोबा नाहीत हे कळेपर्यंत लोकांनी त्यांचंच अभिनंदन केलं.

खरे आजोबा नातीला डोळे भरून पाहत होते. मग उठले आणि गफूरभाईंना म्हणाले, चला, कढई पोचती करू. सोबत आलेल्या वस्तीतल्या दोघांनी कुरकुर केली की आपल्याला काय, आपण ट्यूबवर फिरायचं? शेषराव म्हणाले, "आपन पोहू. ती लेकरं बसून राहिली." वनितानं विचारलं, मग मंगल आणि बाळ कुठे राहणार? ओली बाळंतीण ट्यूबवर नेणार का? शेषराव पुन्हा खाली बसले.

"माझ्याकडं राहील," वनिता म्हणाली.

इथे एक सांगायला हवं. वनिताचं घर बौद्ध. त्या वस्तीत कित्येक लेकरं वनिताच्या हातावर जन्मली, पण चहा तिला ओट्यावर मिळायचा, कपही वेगळा. हे तिनं मला पहिल्याच रात्री पिठलं ढवळता ढवळता सांगितलं होतं, कसलाही आवाज न चढवता. सांगताना हसत होती आणि मलाच संताप आला होता. त्यामुळे आता शेषराव काय म्हणतात याकडे मी टक लावून बघत होते. त्यांनी टोपी काढली, हातात फिरवली, आणि खालच्या आवाजात विचारलं, "तिच्या आईला बी आनू का, सिस्टर? सवा महिना लेकीपाशी राहील."

"आणा की," वनिता म्हणाली. "मला पण कुणी आयतं जेवायला घातलं तर बरंच."

नदीवरून कढई टपावर घालून जीप कळमनुरीच्या रस्त्याला लागली आणि मी परतीच्या. जाताना औंढा नागनाथला उतरले. पावसानं धुतलेल्या काळ्या दगडावरचं कोरीवकाम बघत मंदिराभोवती फिरावं, बाहेर ओळीनं लावलेल्या दुकानांतून घरच्यांसाठी काहीतरी घ्यावं, दोन-तीन तास कुठे गेले कळत नाही. गर्दी नको असेल तर सोमवार टाळा. तिथून परभणीला एसटी मिळाली आणि परभणीहून रेल्वे.

घरी आल्यावर आधी किनाऱ्यावर गेले. तोच कचरा, त्याच चपला, त्याच पुड्या. पण एक गोष्ट नव्यानं लक्षात आली. इतकी वर्षं मी किनाऱ्यावरचा ढीग बघून वरच्या लोकांना मनातल्या मनात नावं ठेवायची, की हे लोक नदीत काय वाट्टेल ते टाकतात. त्या ढिगात दार नव्हतं, पाळणा नव्हता, घागर नव्हती. कामाचं ते सगळं वाटेतल्या गावांनी काढून पारावर मांडलेलं असतं. ज्याला कुणी विचारणार नाही तेवढंच माझ्यापर्यंत येतं. ते आमच्या अहवालात कुठे लिहायचं हे मला अजून कळलेलं नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी वनिताचा फोन आला. कढई परत आली होती. यमुनाबाईंनी घासूनपुसून ट्रॅक्टरवर घातली आणि स्वतः सोबत येऊन गूळ चाखल्याशिवाय जाणार नाही म्हणून दोन दिवस बसल्या. मंगल आणि तिची आई वस्तीवर परत गेल्या होत्या. पाणी उतरेस्तोवर थांबवलेलं बारसं त्या आठवड्यात झालं. मंगलच्या नवऱ्याला बहीण नाही. नाव ठेवायला आत्या कोण, यावर बायकांची चर्चा झाली आणि मंगलच्या आईनं वनिताला हाताला धरून घरात, पाळण्यापाशी नेलं.

तुम्हाला रीत माहीत आहे. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि बाकीच्या बाया तिच्या पाठीत बुक्क्या घालतात.

"एकीनं सोडलं न्हाई गं," वनिता म्हणाली. "सगळ्या वस्तीनं मारलं. पाठ अजून ठणकून राहिली."

मी शेकायला सांगितलं. ती नको म्हणाली.